तिंबुलस्लोकोची जमीन तिथल्या माणसांच्या नावावरच राहू द्या

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व अधिकारी,
जावा उत्तर किनारा व्यवस्थापन प्राधिकरण,
जकार्ता, इंडोनेशिया

विषय : देमाक जिल्ह्यातल्या तिंबुलस्लोको गावाच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या रायगड जिल्ह्याची, अलिबाग आणि पेणच्या मधल्या खारेपाटातली. गेली चार वर्षं जावा बेटावरच्या सेमारांग शहरात राहते. माझे यजमान इथल्या एका कापड कारखान्यात नोकरीला आहेत. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण जमिनीबद्दल मनापासून बोलायचं तर मला दुसरी भाषा येत नाही. शेजारच्या एका शिक्षिकेने त्याचा इंडोनेशियन तर्जुमा करून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या गावाकडच्या लोकांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. यातलं निम्मं दुखणं त्यांच्या ओळखीचं आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर आपण मोठी सागरी भिंत बांधणार आहात. ती आखण्याआधी तिंबुलस्लोकोसारख्या गावांतली बुडालेली जमीन कोणाची आहे ते लिहून ठेवा, आणि ती त्याच माणसांच्या नावावर राहू द्या. भिंत झाल्यावर हा प्रश्न काढलात तर उत्तर द्यायला गावात कोणी उरलेलं नसेल.

तिंबुलस्लोको आपल्याला माहीत असेलच. सेमारांगच्या पूर्वेला, सायुंग तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. माझ्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या घरी कामात मदत करायला एक बाई येतात. मी त्यांना ‘बु’ म्हणते, म्हणजे आई, बाई; त्याही मला ‘बु’च म्हणतात. त्या तिंबुलस्लोकोच्या. आता शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहतात, पण त्यांची आई अजून गावातच आहे. एकदा सणाला त्या मला घेऊन गेल्या.

रस्ता संपतो तिथे स्कूटर ठेवली. पुढे लाकडी फळ्यांची चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना पाणी. काही फळ्या नव्या, पिवळ्या. काही काळ्या पडून मऊ झालेल्या. कुठली फळी कोणाच्या घरून आली हे बु चालता चालता सांगत होत्या. वाटेच्या दोन्ही अंगांना घरं, आणि मध्येच ज्यांची माणसं सोडून गेली त्या घरांच्या नुसत्या भिंती. मला आधी वाटलं, हे कोळ्यांचं पाण्यावर बांधलेलं गाव असावं. बु म्हणाल्या, पाण्यावर कोणी बांधलं नाही, आम्ही जमिनीवरच बांधलं होतं.

त्यांच्या आईच्या घरात शिरताना माझं डोकं चौकटीला आपटलं. म्हातारीने आतूनच हसून हात केला, वाकून ये. जमीन खचते, पाणी चढते, मग घरातली जमीन माती घालून वर घ्यायची. इथे त्याला ‘उरुग’ म्हणतात. या घराने तीनदा उरुग केलं. चौथ्यांदा मातीला पैसे नव्हते, म्हणून आता आत फळ्यांचा माळा घातला आहे. छप्पर होतं तिथेच आहे, जमीन तेवढी वर येत गेली. खिडकीचा खालचा कट्टा आता पायाच्या घोट्याशी येतो. आत उभं राहता येत नाही, म्हणून सगळं बसूनच. चूल, भांडी, गादी, नमाजाची चटई, सगळं हाताच्या टप्प्यात. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी हलताना दिसतं.

वाशाला एक छोटं हत्यार अडकवलेलं होतं. बोटांत धरायची लाकडी मूठ आणि तिला आडवं पातं. विचारल्यावर म्हातारीने खाली काढून माझ्या हातात दिलं. ‘आनी-आनी’. भाताची एकेक लोंबी खुडायची छोटी सुरी. आमच्याकडे विळ्याने कापतात. जावात पूर्वी बायका याने एकेक लोंबी खुडत, भाताच्या देवीला, देवी श्रीला, दुखू नये म्हणून. समोरच्या दारातून म्हातारीने बाहेर बोट दाखवलं आणि एकच शब्द म्हणाली, ‘सावाह’. भातशेत. बोट दाखवलं तिथे क्षितिजापर्यंत पाणी होतं आणि त्यात एक बगळा खुंटावर बसला होता.

मग तिने गादीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जमिनीचं प्रमाणपत्र काढलं. हिरवं कव्हर, वर गरुड. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी. तिला वाचता येत नाही. पण कुठल्या पानावर नकाशा आहे ते तिला माहीत होतं, आणि ते पान तिने माझ्यासमोर धरलं.

महोदय, त्या पानासाठीच हे पत्र आहे.

आपल्या 1960 च्या कृषिजमीन कायद्याचं कलम 27 म्हणतं की जमीन ‘मुस्नाह’ झाली, म्हणजे नष्ट झाली, की मालकी हक्क संपतो. 2021 च्या सरकारी नियमांनी ही ‘तनाह मुस्नाह’ कशी ठरवायची हे सविस्तर सांगितलं. निसर्गाच्या घडामोडीने जमिनीचं मूळ रूप गेलं, ती ओळखता येईना, वापरता येईना, तर ती नष्ट. मूळ मालकाला भराव घालून ती पुन्हा उभी करण्याचा पहिला मान दिला आहे, हे खरं. पण ज्या बाईला घरात चौथ्यांदा माती टाकायला पैसे नाहीत, ती समुद्रात भराव कशाने घालणार? सेमारांग–देमाक टोलरस्त्याच्या वेळी सायुंगमधल्या बुडालेल्या जमिनींचा हाच वाद झाला. जमीनच नाही तर मोबदला कसला, असं म्हटलं गेलं. शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या वेगळ्या आदेशाने ‘केरोहिमान’ची रक्कम ठरली. केरोहिमान म्हणजे दयेचे पैसे. आमच्याकडे त्याला सानुग्रह अनुदान म्हणतात. मोबदला हक्काने मागता येतो. दयेचे पैसे समोरचा देईल तेवढेच असतात.

मला हे इतकं का लागलं ते सांगते.

आमच्या खारेपाटात शेत म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जागा. खाडीच्या कडेने मातीचा बांध, बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. शेतात खाऱ्या पाण्याला दाद न देणारं भात, आणि गावोगाव तळ्यांत जिताडा मासा. पूर्वी बांधाला खांड पडली की सगळं गाव कामाला लागे. या पद्धतीला आमच्याकडे जोळ म्हणत. ज्याचं शेत त्याचे हात, रात्री-अपरात्री, चिखलात उभं राहून. पुढे कायदे झाले, बांध सरकारच्या ताब्यात गेले आणि जोळ मोडली. बांध सरकारचा, मग दुरुस्तीही सरकारच करील, असं म्हणून लोक थांबू लागले. वीस वर्षांपूर्वी एका उधाणाला आमच्या बाजूचा बांध फुटला. वडिलांनी अर्ज केले. माणसं आली, मोजून गेली, अंदाजपत्रक झालं, पुढच्या वर्षी पुन्हा मोजून गेली. खांड रुंदावत गेली. चौथ्या वर्षी शेतात तिवराची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढून लाटा अडवणाऱ्या झाडाची, रोपं उगवली, आणि आज तिथे डोक्यावर जाणारं रान आहे. तिवरं तोडायची नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे. ज्याने त्सुनामीच्या बातम्या पाहिल्या तो तिवरावर कुऱ्हाड उचलणार नाही. पण माझ्या वडिलांचं सव्वा एकर गेलं, त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही.

तरी एक गोष्ट त्यांच्याकडे राहिली. सातबारा. तो अजून त्यांच्या नावाने निघतो. त्या कागदाच्या जोरावर ते दरवर्षी कार्यालयात जाऊन बसू शकतात. नुकसानभरपाईचं बोलणं निघालं तर त्यांचं नाव यादीत येतं. उद्या तिथून काही जाणार असेल तर विचारायला कोणाला तरी त्यांच्या दारी यावं लागेल. त्यांच्या पोटात त्या कागदाने एक दाणा गेलेला नाही, पण तो आहे म्हणून ते अजून शेतकरी आहेत. आमच्याच खारेपाटात, चरीला, 1933 ते 1939 अशी सहा वर्षं कुळांनी शेती न करता संप केला होता. जमिनीवर आपलं नाव लागणं म्हणजे काय, हे त्या मातीत जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही. म्हणून म्हातारीच्या पिशवीतला तो कागद कायद्याने रद्दी होऊ शकतो हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ‘निसर्गाच्या घडामोडीने’ या शब्दांकडे बघा. हे पाणी निसर्गाने एकट्याने आणलेलं नाही.

हा किनारा तरुण गाळाचा, हे मान्य. पाचशे वर्षांपूर्वी देमाक हे बंदर होतं, त्याच्या आणि मुरिया डोंगराच्या मध्ये सामुद्रधुनी होती. नद्यांच्या गाळाने ती बुजली आणि त्या गाळावर गावं वसली. असा गाळ स्वतःच्या वजनाने थोडा खाली बसतोच. पण सेमारांग आणि देमाकच्या किनाऱ्यालगत काही ठिकाणी जमीन वर्षाला 8 ते 10 सेंटीमीटर खचते आहे, आणि समुद्राची पातळी वाढते आहे ती वर्षाला काही मिलिमीटर. हा फरक मुख्यतः जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे आहे. खोल बोअर मारून कारखाने, वसाहती, हॉटेलं पाणी ओढतात, खालचे मातीचे थर दबतात आणि वरचं सगळं खाली येतं. त्याआधी, ऐंशीच्या दशकात वाघ-कोळंबीला सोन्याचा भाव आला तेव्हा किनाऱ्यावरचं कांदळवन तोडून ‘तांबाक’ म्हणजे मासळीची तळी खणली गेली. लाटांना अडवणारं झाड गेलं. कोळंबी रोगाने मेली, तळ्यांचे बांध फुटले. आत आलेलं पाणी मग परत गेलंच नाही. शेजारच्या बेदोनो गावातल्या सेनिक आणि तांबाकसारी या वाड्या उठवाव्या लागल्या.

मी हे लिहिते तेव्हा माझ्या घरात येणाऱ्या पगाराची मला आठवण आहे. माझे यजमान ज्या कारखान्यात काम करतात तिथे कापड धुण्या-रंगवण्याला लागणारं पाणी बराच काळ बोअरचं होतं. कारखान्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण एका कारखान्यावर बोट ठेवून हे सुटणारं नाही. पण बुंची धाकटी मुलगी शिवणकामाला जाते तोही असाच एक कारखाना. तिच्या पगारावर आजीचं घर चालतं, आणि तिच्या कारखान्याखालचं पाणी उपसलं जातं तेव्हा आजीचं घर खाली जातं. गावात तरुण मुलांना दुसरा पर्याय नाही. सकाळी फळ्यांवरून चालत जायचं, स्कूटर काढायची, हमरस्त्यावर भरतीचं पाणी असेल तर गुडघाभर पाण्यातून ढकलत न्यायची, आणि हजेरीची वेळ चुकली तर पगार कापून घ्यायचा. त्या मुलीने मला सांगितलं की लग्न ठरवताना मुलाकडचे पहिल्यांदा विचारतात, घरात रोब येतो का? रोब म्हणजे भरतीचं पाणी.

तरीही गाव हातपाय गाळून बसलेलं नाही. जे गेले त्यांना मी दोष देत नाही, पण जे राहिले त्यांनी काय काय केलं आहे ते आपण पाहावं. 2015 पासून काही वर्षं या किनाऱ्यावर आपल्याच मासेमारी मंत्रालयाने वेटलँड्स इंटरनॅशनल आणि डच तज्ज्ञांबरोबर काम केलं. बांबूचे खुंट दोन रांगांत रोवायचे, मध्ये काटक्या-फांद्या भरायच्या. लाट त्यातून गाळली जाते, तिचा जोर मोडतो, मागे चिखल साचतो आणि त्या चिखलात तिवर आपोआप रुजतं. आमच्या तिवराला इथे ‘आपी-आपी’ म्हणतात आणि कांदळाला ‘बाकाऊ’. या कामाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या पहिल्या दहा आदर्श पुनर्निर्माण प्रकल्पांत जागा दिली. खुंट रोवायला गावचीच माणसं होती. त्यांना हेही दिसलं की जिथे जमीन फार वेगाने खचते तिथे साचलेला चिखलही पुन्हा बुडतो. म्हणजे बोअर बंद झाल्याशिवाय बांबूचा बांध टिकत नाही, हे तिंबुलस्लोकोच्या कोळ्याला अनुभवाने माहीत आहे. त्याला ते कोणी विचारलेलं नाही.

कब्रस्तानाचं एक सांगते. बुंचे वडील गेले तेव्हा भरती होती. प्रेत घरात ठेवून ओहोटीची वाट पाहिली. खड्ड्यात पाणी येत होतं, ते बादल्यांनी उपसत उपसत दफन केलं. पुढे गावाने होडीतून माती आणून कब्रस्तान वर उचललं आणि भोवती बांबूची कूड घातली. स्वतःच्या घरात माती टाकायच्या आधी त्यांनी तिथे टाकली. लोक गाव का सोडत नाहीत, असं जे अधिकारी विचारतात त्यांना मी ती कूड दाखवीन.

आता भिंतीचं. जून 2025 मध्ये आपल्या राष्ट्राध्यक्षांनी जावाच्या पश्चिमेकडच्या बांतेनपासून पूर्वेकडच्या ग्रेसिकपर्यंत सुमारे 500 किलोमीटरच्या भिंतीबद्दल आणि 80 अब्ज डॉलरच्या खर्चाबद्दल जाहीर सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपलं प्राधिकरण उभं राहिलं. मी भिंतीच्या विरोधात नाही. मी बांधाच्या मागे वाढलेली मुलगी आहे, बांध नसता तर मी जेवले नसते. पण बांधाबद्दल आमच्या लोकांना एक ठाऊक आहे, ते सांगण्याचा मला हक्क आहे असं वाटतं. बांध बांधल्या दिवशी कधीच फुटत नाही. तो फुटतो पंधरा-वीस वर्षांनी, एखाद्या खेकड्याच्या बिळापासून, आणि तेव्हा बांधणारे कोणी जवळ नसतात. बीळ दिसतं ते रोज बांधावरून चालणाऱ्याला. त्याची जमीन आत असेल तर तो तिथेच चिखल थापून पुढे जाईल. त्याची जमीन कागदावरून पुसलेली असेल तर तो पाहील आणि निघून जाईल.

टोलरस्त्याचा सागरी बांध सायुंगजवळून जातो. त्याच्या पायाखाली लाखो बांबूंच्या चटया घातल्या, त्या कामात गावच्या मुलांना रोजगारही मिळाला. पण काही वस्त्या बांधाच्या आत आल्या, काही बाहेर राहिल्या. नव्या भिंतीत तिंबुलस्लोको कुठे, याचं उत्तर गावात कोणाकडे नाही. आत असेल तर भिंतीमागे पुन्हा वर येणारी जमीन कोणाची? मुस्नाह झालेली जमीन सरकारची झाली, मग त्यावर वसाहत होईल, गोदामं होतील, कदाचित पुन्हा कारखाना होईल, आणि जिने तिथे आनी-आनीने भात खुडलं तिला बाहेरून बघावं लागेल. ही भीती मला सगळ्यांत मोठी वाटते, पाण्याच्या भीतीपेक्षा मोठी. आणि गाव बाहेर राहणार असेल तर ते आजच स्पष्ट सांगा. म्हणजे चौथा, पाचवा उरुग करण्यात ती माणसं आयुष्यभराची मिळकत घालणार नाहीत.

म्हणून विनंती अशी. भिंतीचा पहिला खुंट पडण्याआधी सायुंगच्या प्रत्येक बुडालेल्या गावात जमिनीची मोजणी करा, जुन्या नकाशांवरून आणि म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्यावरून, आणि ते क्षेत्र मूळ मालकांच्या नावे नोंदवा. पाण्याखाली असलं तरी. त्या नोंदीवरून पुढे जमीन वर आली तर जमीन द्या, नाही आली तर मोबदला द्या, आणि तिथे कांदळवन राखायचं ठरलं तर त्याच्या राखणीचे पैसे त्याच कुटुंबांना द्या. त्या बांबूच्या कामात राखणीसाठी गावाला पैसे द्यायची पद्धत या किनाऱ्यावर वापरून झालेली आहे, ती नवीन नाही. बोअर बंद करायची तारीख भिंतीच्या आराखड्यातच लिहा आणि कारखान्यांना नळाचं पाणी पोचवण्याचा खर्च भिंतीच्या खर्चात धरा. आमच्या कारखान्याचा पाण्यावरचा खर्च वाढला तर त्याची झळ माझ्या घरालाही लागेल. ती लागू दे. 2014 च्या ग्राम कायद्याने आपण गावाला ‘दाना देसा’ म्हणजे गावनिधी दिला आणि गावसभेलाही मान दिला. त्या सभेत आपला अभियंता एकदा बसू दे. नकाशा भिंतीवर न लावता खाली पसरा, म्हणजे सगळ्यांना बसून बघता येईल. तिथल्या घरांत उभं राहता येत नाही.

निघताना म्हातारीने कागद पुन्हा तीन पिशव्यांत गुंडाळला आणि मला विचारलं, भिंत कधी येणार? मी म्हटलं, वीस वर्षं लागतील असं म्हणतात. तिने मान हलवली, मग म्हणाली, नातीचं नाव या कागदावर लावायचं आहे, त्या कार्यालयात तुझी कोणाशी ओळख आहे का? माझी कोणाशी ओळख नाही, म्हणून हे पत्र.

आपण गावात यायचं ठरवलंत तर ओहोटीची वेळ बघून या. गाडी रस्ता संपतो तिथेच ठेवावी लागेल. फळ्यांवर दोघांनी एकदम उभं राहू नका, मशिदीजवळच्या वळणावरच्या तीन फळ्या कुजल्या आहेत. आणि दारातून आत जाताना वाका.

आपली नम्र,
खारेपाटातल्या एका शेतकऱ्याची मुलगी,
सध्या मुक्काम सेमारांग